शिबिरानंतरचा महिना: ग्रामीण युवा मंडळे, शिबिरे आणि जीवनकौशल्ये

पाणंद (धागाकर्ती)

गेली सात वर्षे मी एका ग्रामीण युवा मंडळाचे काम पाहते आहे. तेरा ते अठरा वयोगटातील पंचवीस-तीस मुलेमुली दर पंधरवड्याला एकत्र येतात आणि वर्षातून एकदा पाच दिवसांचे मुक्कामी शिबिर होते. हा धागा काढण्यास कारण झाली ती गेल्या शिबिरानंतरच्या महिन्यात घडलेली एक गोष्ट. समारोपाच्या दिवशी ज्या मुलाने सर्वांत आत्मविश्वासाने मनोगत मांडले, एकत्र काम करताना दुसऱ्याचे ऐकून घेणे का महत्त्वाचे असते हे ज्याने नेमक्या शब्दांत सांगितले, तोच मुलगा तीन आठवड्यांनी मंडळाच्या बैठकीतून एका साध्या मतभेदावरून उठून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपले म्हणणे मान्य झाले नाही तरी बैठकीत बसून कसे राहायचे, याविषयी आम्ही त्याच्याशी पुष्कळ बोललो होतो. ते करून पाहण्याची वेळ मात्र त्याच्यावर एकदाही येऊ दिली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात जीवनकौशल्यांची जी मांडणी केली, तिच्यात दहा मूलभूत कौशल्ये आहेत: निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध जपणे, स्वतःची जाणीव, समानुभूती (दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे), भावना हाताळणे आणि ताण हाताळणे. ही यादी हाती आली की तिचे वेळापत्रक करण्याचा मोह होतो. आम्हीही सकाळच्या सत्रात समानुभूती आणि दुपारच्या सत्रात निर्णयक्षमता असेच केले होते. वास्तविक त्याच मांडणीनुसार दैनंदिन जीवनातील मागण्यांना आणि आव्हानांना नीट तोंड देता येण्याची क्षमता म्हणजे जीवनकौशल्य. आमच्या शिबिरात मुलांपुढे खरी म्हणावी अशी एकही मागणी आली नव्हती. जेवण वेळेवर तयार असे, गट आम्ही पाडलेले असत, भांडण झाले की पाच मिनिटांत कोणीतरी ताई किंवा दादा मध्ये पडत असत.

ग्रामीण युवा मंडळांच्या जुन्या इतिहासात या प्रश्नाचे काहीसे उत्तर मला सापडते. जानेवारी १९०२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, स्प्रिंगफिल्ड येथे, ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी मुलामुलींचे एक मंडळ सुरू केले. मुले मातीचे नमुने आणून तपासत, घरच्या शेताच्या तुकड्यावर मका, भाजीपाला किंवा फुले लावत. पुढे फोर-एच या नावाने वाढलेल्या चळवळीचा आरंभ याच मंडळापासून मानला जातो. संशोधन केंद्रांतील नव्या पद्धती प्रौढ शेतकरी सहजासहजी स्वीकारत नसत. मुले मात्र करून पाहत, आणि मुलांचे पीक बघून घरची माणसे विचारात पडत. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अमेरिकेत कृषी विस्ताराची, म्हणजे शेतीतील नवे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची, देशव्यापी व्यवस्था उभी राहिली आणि ही मंडळे तिचा भाग झाली. म्हणजे सुरुवातीला मका हे उद्दिष्ट होते आणि मुले हे साधन होते. कालांतराने हा क्रम उलटला, आणि मस्तक, हृदय, हात व आरोग्य या चार शब्दांत (इंग्रजीत चारही 'एच'ने सुरू होतात, म्हणून फोर-एच) मुलांचा विकास हेच उद्दिष्ट ठरले. माझ्या मते उद्दिष्ट बदलले हे योग्यच झाले, पण मका सोडायला नको होता. इतरत्र अनेकांनी तो सोडला आहे आणि आम्हीही त्यांच्यातलेच आहोत. मुलाच्या हातात ज्याची निगा राखावी लागते असे काही उरले नाही, तर त्याचा विकास आपण कशाच्या आधारे करणार आहोत?

मंडळ आणि शिबिर यांचे नाते काय असावे, कशाने काय साधते आणि आपण कोठे चुकतो, यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

ओंजळ

पाणंद, तुमचा मक्याचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. याच्याशी जुळणारे आणखी एक उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथील तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांपैकी पहिले मंडळ १९२१ मध्ये डेव्हन परगण्यातील हेमयॉक येथे निघाले आणि त्याचे काम वासरे वाढवण्याचे होते. वासरू ही शिकवणारी गोष्ट का आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वासराला रविवारची सुटी कळत नाही. त्याला आजच पाणी लागते, आणि आज दिले नाही तर त्याचा परिणाम उद्या दिसतो. कोणीही रागावले नाही तरी चूक लपत नाही. शिवाय हे काम काही महिने चालते, त्यामुळे उत्साह ओसरल्यानंतरचे दिवसही त्यात येतात, आणि माझ्या अनुभवात खरे शिकणे त्या ओसरलेल्या दिवसांतच होते.

मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी २००० साली एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. दिवसभरात वेगवेगळ्या वेळी किशोरांना त्या क्षणीची मनःस्थिती नोंदवायला सांगितली, तेव्हा वर्गात त्यांची एकाग्रता जास्त पण आतून येणारी ओढ कमी असल्याचे दिसले. मित्रांबरोबर असताना ओढ जास्त, पण एकाग्रता कमी होती. दोन्ही एकाच वेळी जास्त आढळले ते स्वेच्छेने निवडलेल्या, पण शिस्त आणि आव्हान असलेल्या उपक्रमांत. पुढाकार घेण्याची वृत्ती अशाच ठिकाणी वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्यासाठी तिसरी एक अट त्यांनी सांगितली होती: प्रयत्न दीर्घकाळ चालला पाहिजे, त्यात अडथळे आले पाहिजेत आणि वाट बदलावी लागली पाहिजे. ही तिसरी अट पाच दिवसांच्या शिबिरात पूर्ण होऊ शकत नाही. ती मंडळातच पूर्ण होते. म्हणून माझ्याकडे मर्यादित वेळ आणि मर्यादित पैसा असेल, तर मी शिबिर बंद करीन आणि मंडळ चालू ठेवीन.

दूरचा डोंगर

ओंजळ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मंडळाचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु लहान गावात वाढणाऱ्या मुलाची एक अडचण तुम्ही दोघांनीही विचारात घेतलेली नाही. तेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. एखादी मुलगी सहाव्या वर्षी अबोल होती म्हणून सोळाव्या वर्षीही तिला अबोलच समजले जाते. एखाद्या मुलाच्या थोरल्या भावाने काही केले असेल तर त्याची छाया धाकट्यावर असते. मंडळातही हीच मुले, हेच शेजारी आणि हीच जुनी ओळख असते. अशा वेळी मूल नवे काही करून पाहायला धजत नाही, कारण ते केले की लगेच कोणीतरी म्हणते, 'हिला कधीपासून बोलता यायला लागले?'

शिबिरात ही ओळख चार दिवस बाजूला पडते. आमच्या परिसरातील पाच-सहा गावांच्या एकत्रित शिबिरात मी हे अनेकदा पाहिले आहे. एका वर्षी सामान पोहोचायला उशीर झाला आणि तंबू अंधारात उभे करावे लागले. ज्या मुलीला तिच्या गावच्या मंडळात कोणी कधी काही विचारले नव्हते, तिने दोरी कोणी धरायची, कंदील कोणी धरायचा हे सांगायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी ऐकले. त्यांना ती अबोल आहे हे माहीतच नव्हते. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यातही सुमारे वीस मुलगे मुद्दाम वेगवेगळ्या सामाजिक थरांतून निवडले होते आणि त्यांची चार लहान पथके केली होती, प्रत्येक पथकाचा नायक मुलांपैकीच एक. अनोळखी सोबती आणि लहान गट या दोन गोष्टींत मला शिबिराचे सारे बळ दिसते.

म्हणून शिबिर बंद करू नका. ते एकाच गावापुरते ठेवू नका, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाणंद

दूरचा डोंगर, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मूळ लेखातील एक उणीव भरून निघाली. आमचे शिबिर केवळ आमच्याच मंडळाचे होते आणि त्यामुळे गावातील सगळ्या जुन्या ओळखी जशाच्या तशा शिबिरात आल्या. पण मग त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला विचारायचे आहे. गावी परतल्यावर तिच्या मंडळाने तिला तिची नवी ओळख टिकवू दिली का?

दूरचा डोंगर

प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या वर्षी टिकवू दिली नाही. शिबिराहून परतल्यावर ती दोन बैठकांत बोलली आणि नंतर पुन्हा मागच्या ओळीत बसू लागली. पुढच्या वर्षी आम्ही एक बदल केला. प्रत्येक मंडळातून किमान तिघांना एकत्र पाठवायचे, आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या तिघांनी मिळून आपल्या मंडळासाठी एक काम ठरवायचे, जे परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत सुरू करता येईल. ती मुलगी दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या गावातील दोन साक्षीदार तिच्याबरोबर होते. गावी परतल्यावर 'तिला हे येते, आम्ही पाहिले आहे' असे सांगणारे कोणीतरी असणे फार महत्त्वाचे ठरले. ओंजळ यांचा दीर्घकाळाचा मुद्दा या ठिकाणी मला मान्य करावाच लागतो.

मोजपट्टी

शिबिरातील स्पर्धांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे गट पाडले की गुण आणि बक्षिसे आपोआप येतात आणि त्याचा विचार कोणी करत नाही.

१९५४ च्या उन्हाळ्यात सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह येथे, साधारण अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलग्यांचे एक शिबिर घेतले. मुले एकमेकांना आधी ओळखत नव्हती, सगळी साधारण सारख्याच घरांतून आलेली होती, आणि त्यांचे दोन गट पाडले होते. बक्षिसांसाठी सामने सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणे, निवासावर धाडी घालणे येथपर्यंत मजल गेली. नंतर दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवून किंवा एकत्र चित्रपट दाखवून वैर कमी झाले नाही. ते कमी झाले शिबिराचे पाणी बंद पडले आणि सर्वांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा, आणि सामान आणणारा ट्रक अडला व सर्वांनी मिळून तो ओढला तेव्हा. त्या मुलांना आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक नव्हते आणि त्यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, जे मला योग्य वाटतात. शिबिर चालवणाऱ्यासाठी त्यातून निघणारा अर्थ मात्र स्पष्ट आहे. शेकोटीभोवती बसून ऐक्याची गाणी म्हटली तरी दिवसभर गुणफलक पाहिलेल्या मुलांच्या मनातील दुरावा जात नाही. एका गटाला जे एकट्याने करता येणार नाही असे काम दोन्ही गटांपुढे ठेवावे लागते, आणि ते काम खरोखर अडलेले असावे लागते.

बक्षिसांबाबत दुसरा प्रयोग १९७३ चा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांना असे आढळले की चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते दिले, तर नंतर मोकळ्या वेळेत ती मुले चित्रांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. मुले बालवाडीतील होती, म्हणून हा निष्कर्ष किशोरांना जसाच्या तसा लावू नये. तरीही आवडीने केलेल्या कामाला आधीच बक्षिसाचे आमिष जोडताना थांबून विचार करावा, एवढे त्यातून घेता येते.

मुलांच्या कामाचे मूल्यमापन करूच नये, असे मी म्हणत नाही. फोर-एचच्या प्रदर्शनांत अनेक ठिकाणी जी पद्धत वापरतात, तिला डॅनिश पद्धत म्हणतात. तीत मुलांची एकमेकांशी तुलना होत नाही. प्रत्येकाचे काम आधी जाहीर केलेल्या कसोट्यांवर तपासले जाते आणि उत्तम कामाला निळी, चांगल्या कामाला लाल व सुधारणेची गरज असलेल्या कामाला पांढरी फीत मिळते. निळ्या फिती कितीही जणांना मिळू शकतात. परीक्षक मुलाशी बसून बोलतो, काय चांगले झाले आणि काय राहिले हे सांगतो. आम्ही गेली चार वर्षे ही पद्धत वापरत आहोत. पहिल्या वर्षी पालकांची तक्रार होती की पहिला कोण आला हेच कळत नाही. आता ते विचारतात की पांढऱ्या फितीच्या कामात नेमके काय सुधारायचे आहे.

हिशेबनीस

वासरू आणि मका यांच्याविषयी सर्वांनी लिहिले. मला जमाखर्चाच्या वहीविषयी लिहायचे आहे.

मंडळाचे पैसे मुलांनी सांभाळावेत, या मताचा मी आहे, आणि यात 'मुलांच्या नावाने मोठ्यांनी' असा अर्थ मला अभिप्रेत नाही. खजिनदार मुलांनी निवडावा, पावती त्यानेच फाडावी, प्रत्येक बैठकीच्या आरंभी त्याने उभे राहून शिल्लक वाचून दाखवावी आणि कोणीही सभासदाने त्याला प्रश्न विचारावा. सचिवाने मागील बैठकीचे इतिवृत्त वाचावे, अध्यक्षाने विषयपत्रिकेप्रमाणे एकेक विषय घ्यावा, ठराव सूचक आणि अनुमोदक यांच्यासह नोंदवावा. हे कोणाला कोरडे आणि सरकारी थाटाचे वाटेल, पण पाणंद यांनी ज्या मुलाविषयी लिहिले आहे त्याला हवे होते ते हेच, असे मला वाटते. मतभेद झाला की आपले म्हणणे नोंदले जाईल, मतदान होईल, आणि हरलो तरी पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा मांडता येईल, ही खात्री असेल तर माणूस उठून जात नाही.

आमच्या मंडळाने एका वर्षी रोपे तयार करून विकण्याचे ठरवले. कोणती रोपे आणि किती, हे मुलांनी बहुमताने ठरवले. मला आणि माझ्या सहकाऱ्याला आकडा जास्त वाटत होता, तसे आम्ही एकदा सांगितले आणि गप्प बसलो. निम्मी रोपे विकली गेली नाहीत. गुंतवलेल्या रकमेचा मोठा भाग बुडाला. त्या वेळी एका हितचिंतकाने तूट भरून देण्याची तयारी दाखवली आणि आम्ही मोठ्यांनी ती जवळजवळ स्वीकारली होती, याची मला आजही खंत वाटते. सुदैवाने खजिनदार मुलीने बैठकीत विचारले की तूट दुसऱ्यानेच भरायची असेल तर हिशेब कशासाठी लिहायचा. ती मदत परत केली गेली. पुढच्या हंगामात त्यांनी आधी घरोघर जाऊन मागणी लिहून घेतली आणि तेवढीच रोपे लावली. बाजारपेठेचा अंदाज घेण्यावर व्याख्यान ठेवून जे साधले नसते, ते बुडालेल्या पैशाने साधले. बुडण्याची रक्कम किती असू द्यायची, हे ठरवणे मात्र मोठ्यांचेच काम आहे. मुलांना चटका बसावा, मंडळ मोडू नये.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरता सहभाग असतो, आणि त्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. सर्वांत वरच्या पायरीवर काय आहे, हे पुष्कळजण चुकीचे सांगतात. तेथे मोठ्यांना वगळून चाललेला मुलांचा कारभार नाही. मुलांनी सुरू केलेले काम आणि मुलांनी मोठ्यांना बरोबर घेऊन केलेले निर्णय आहेत. आमच्याकडचे किती उपक्रम या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबलेले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

कालची शिबिरार्थी

मी या धाग्यावर मार्गदर्शक म्हणून लिहीत नाही. मी अशाच एका मंडळात बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत होते, आता नोकरी करते. तुम्ही सर्वजण ज्यांच्याविषयी लिहीत आहात, त्यांच्या बाजूने थोडे सांगावेसे वाटले.

शिबिरातील व्याख्यानांपैकी मला आज एकही आठवत नाही. आठवतो तो स्वयंपाकाच्या पाळीचा एक दिवस, जेव्हा आमच्या गटाने चाळीस जणांच्या जेवणाचा अंदाज चुकवला आणि शेवटच्या सात जणांना अर्धेच जेवण मिळाले. आमच्या ताई तेथे होत्या, त्यांना हे होणार हे दिसत असावे, पण त्या काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी आम्हाला एवढेच विचारले की त्या सात जणांशी कोण बोलणार आहे. मी गेले. माफी मागणे आणि सबब सांगणे यांतला फरक मला त्या रात्री कळला, आणि तो कामाच्या ठिकाणी मला दर महिन्याला उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट मुलींविषयी. मला पहिल्या शिबिराला पाठवायला घरचे तयार नव्हते. मंडळातील ताई तीन वेळा घरी आल्या. त्यांनी माझ्या आईला शिबिराची जागा दाखवायला नेले, झोपण्याची व्यवस्था, स्वच्छतागृहे, रात्री कोण जागे असते, हे सगळे दाखवले. मुलींची संख्या कमी असते तेव्हा आयोजक म्हणतात की पालक पाठवत नाहीत; पण पालकांना नेमके काय पाहायचे असते, हे विचारायला त्यांच्यापैकी किती जण घरी जातात? आणि मी पाच दिवस गेले की माझ्या वाट्याचे घरकाम कोण करणार, हा प्रश्नही खरा होता. आमच्या मंडळाने शिबिराच्या तारखा शेतीच्या घाईच्या दिवसांपासून दूर नेल्या, तेव्हा एकदम सात मुली वाढल्या.

साकव

सुरक्षिततेविषयी येथे कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मुक्कामी शिबिरात नऊ ते चौदा वयाच्या दर आठ मुलांमागे एक प्रौढ आणि पंधरा ते सतरा वयाच्या दर दहा मुलांमागे एक प्रौढ, असे प्रमाण अमेरिकन कॅम्प असोसिएशन सुचवते. आम्ही तेच पाळतो. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर बंद जागेत एकटा राहणार नाही, हा नियम स्वयंसेवकांना लेखी दिला जातो आणि मुलांनाही मोठ्याने वाचून दाखवला जातो, म्हणजे तो मोडला तर त्यांनाही ओळखता येतो. पोहणे, आग आणि वाहन यांचा प्रत्येकी एक जबाबदार माणूस ठरलेला असतो. मुलांना निर्णय द्यावेत हे खरे, पण या बाबतींतील निर्णय द्यायचे नसतात.

घराच्या आठवणीविषयीही एक सूचना आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पालकांना सांगितले आहे की मुलाला शिबिराला जाण्याच्या निर्णयात सामील करून घ्यावे, आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे राहण्याचा सराव द्यावा, आणि 'करमले नाही तर लगेच न्यायला येऊ' असे वचन देऊ नये, कारण त्यातून मुलाला असा अर्थ लागतो की आई-वडिलांनाच आपल्यावर विश्वास नाही. आम्ही हे पालकसभेत समजावून सांगू लागल्यापासून पहिल्या रात्रीचे रडणे थांबलेले नाही, पण दुसऱ्या दिवशी घरी परत जाणारी मुले जवळजवळ उरलेली नाहीत.

ओंजळ

दूरचा डोंगर आणि कालची शिबिरार्थी यांचे वाचून मी माझे पहिले मत बदलते आहे. शिबिर बंद करू नये. मात्र शिबिराची जागा वर्षाच्या आरंभी किंवा शेवटी नसावी, असे आता वाटते. आरंभी घेतले तर मुलांकडे बोलण्यासारखे स्वतःचे काम नसते. शेवटी घेतले तर ते वर्षभराच्या मेहनतीचे बक्षीस ठरते आणि त्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही. काम निम्मे झालेले असावे, अडचणी आलेल्या असाव्यात, कंटाळाही आलेला असावा, अशा वेळी दुसऱ्या गावांतील मुलांना भेटून आपली अडचण सांगता आली तर दोन्ही गोष्टी साधतील.

आणखी एका गोष्टीकडे आपण सर्वांनीच कमी लक्ष दिले आहे. अनुभवातून शिकणे म्हणजे केवळ अनुभव घेणे नाही. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रात प्रत्यक्ष अनुभवानंतर त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून काही एक सूत्र काढणे आणि ते पुढच्या वेळी वापरून पाहणे, असे टप्पे आहेत. कालची शिबिरार्थी यांच्या ताईंनी रात्री जो एक प्रश्न विचारला, त्यात हे मागे वळून पाहणे होते. आमच्याकडे दिवसाचा कार्यक्रम इतका भरगच्च असतो की झोपायच्या आधीची ती वीस मिनिटे सर्वांत आधी कापली जातात. मी यापुढे ती वीस मिनिटे आधी लिहिणार आहे आणि मग उरलेल्या दिवसाचे वेळापत्रक करणार आहे. त्या वेळेत 'आज काय शिकलात?' असा प्रश्न मात्र विचारू नये. त्याला मुले आपल्याला आवडेल तेच उत्तर देतात. 'आज कोठे अडलात आणि तेव्हा कोणी काय केले?' असे विचारले की प्रसंग बाहेर येतात.

मोजपट्टी

ओंजळ यांच्या प्रश्नाला जोडून एक सूचना करतो. शिबिराच्या शेवटी मुलांकडून अभिप्राय भरून घेतात, तो सगळा उत्साहाच्या भरातला असतो. आम्ही तीन महिन्यांनी पालकांना आणि मंडळातील सोबत्यांना एकच गोष्ट विचारतो: सांगितल्याशिवाय तो किंवा ती आता कोणते काम करू लागली आहे? उत्तर नसेल तर तसे लिहितो. गेल्या वेळी निम्म्याहून जास्त कागद कोरे होते, आणि पुढची आखणी आम्ही त्या कोऱ्या कागदांकडे पाहून केली.

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यातील बैठकीत मी हा धागा मुलांना वाचून दाखवला. हिशेबनीस यांच्या सूचनेप्रमाणे वही आणि शिल्लक रक्कम मुलांकडे सोपवण्याचा विषय मांडला, त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि खजिनदार कोण, यावर मतदान घ्यावे लागले. शिबिर शेजारच्या दोन मंडळांबरोबर मिळून, कामाच्या मध्यावर घ्यायचे, हे तत्त्वतः ठरले आहे. ते काम कोणते, हे अजून ठरलेले नाही. दोन प्रस्ताव आहेत आणि दोन्हींना सारखीच मते पडली. मी माझे मत दिले नाही. ते देणे फार सोपे होते आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच लागले होते.

जो मुलगा उठून गेला होता, त्याच्याकडे मी जावे असे मी सुचवले. त्यावर एका मुलीने सांगितले की भांडण तुमच्याशी झालेले नव्हते, आमच्याशी झाले होते, म्हणून आम्ही जाऊ. ती आणि ज्याच्याशी वाद झाला तो मुलगा, असे दोघे जाणार आहेत. मागच्या बैठकीच्या इतिवृत्तात त्याचे म्हणणे नोंदलेलेच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ते आधी लिहायचे, मग तो कागद घेऊन जायचे, असे त्यांनी ठरवले आहे. काय लिहायचे यावरून त्या दोघांचे सध्या एकमत होत नाही. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे, तेव्हा येथे पुन्हा लिहीन.